सतरा वर्षं तो वाट पाहत बसला नव्हता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "ताई, परत नाटकात कधी उभ्या राहताय?" हा प्रश्न मला मालिकेच्या सेटवर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, भाजी घेताना येतो. मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्यही येतं: "तो तुमचा इयन होल्म आलाच की सतरा वर्षांनी!" या ब्रिटिश नटाचं नाव तुम्हाला मीच दिलं, ते मला ठाऊक आहे. प्रयोगात संवाद आठवेनासे झाले आणि माझं नाटक सुटलं; ज्यानं त्यानं कारण विचारलं, तेव्हा मी त्याचंच नाव पुढे करत होते. म्हणूनच आता त्या माणसाबद्दल नीट बोलणं माझ्याकडे लागतं.

तुम्ही मला परत ऐकवता ती गोष्ट अशी असते: मोठा नट, रंगमंचावर कोसळला, सतरा वर्षं अज्ञातवासात गेला, मग शेक्सपियरचा किंग लिअर होऊन परतला आणि जिंकला. यातली सतरा वर्षं तुम्ही एका श्वासात ओलांडता. मला तिथेच थांबायचं आहे.

कोसळण्याआधी तो कोण होता ते थोडक्यात सांगते. एका मनोरुग्णालयाच्या अधीक्षकांचा मुलगा, अंगानं लहानखुरा. 1954 साली स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपियर थिएटरात किरकोळ कामांपासून सुरुवात. 1959 मध्ये चार्ल्स लॉटन लिअर होते, तेव्हा त्यांच्याबरोबरचा विदूषक हा. मग 1963-64 मध्ये तिसरा रिचर्ड आणि पाचवा हेन्री, शेक्सपियरचे दोन राजे. 1965 मध्ये रॉयल शेक्सपियर कंपनीकडून लंडनच्या ऑल्डविच थिएटरात हॅरॉल्ड पिंटर यांच्या 'द होमकमिंग'मधला लेनी. तीच भूमिका न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर केली आणि 1967 चा टोनी हा तिथला नाट्यपुरस्कार मिळाला. म्हणजे नवखा नव्हता, तालमीला कंटाळणारा नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण रंगमंचावर ब्लँक होतो, संवाद विसरतो, तो कच्चा नट, असं तुमच्यातल्या पुष्कळांना मनातून वाटतं. तोंडावर म्हणत नाही इतकंच.

आता 1976. पुन्हा तेच ऑल्डविच, तीच रॉयल शेक्सपियर कंपनी. नाटक यूजीन ओनील यांचं 'द आइसमन कमेथ', भूमिका हिकीची. हे नाटक माहीत असल्याशिवाय काय घडलं ते कळणार नाही. एका दारूच्या गुत्त्यात मोडलेली माणसं बसलेली आहेत आणि ती सगळी हिकीची वाट पाहताहेत. तो फिरता विक्रेता आहे, दर वर्षी येतो, सगळ्यांना पाजतो, हसवतो. पहिल्या अंकाचा बराच मोठा भाग नुसती त्याची वाट पाहण्यात जातो. नट विंगेत उभा, आणि आत प्रत्येक जण त्याचंच नाव घेतोय. मग तो येतो आणि दारू न पिता सगळ्यांना सांगत सुटतो, की उद्याच्या खोट्या आशा सोडा, म्हणजे सुटाल. नाटक चार तासांच्या पुढे जातं आणि शेवटच्या अंकात याच माणसाचं एक प्रचंड लांब स्वगतासारखं भाषण आहे, ज्यात तो बायकोच्या खुनाची कबुली देतो. बाकीचे ऐकत बसलेले. टेकू म्हणून घ्यावं असं समोरच्याचं वाक्य तिथे जवळजवळ नाहीच.

शुभारंभाच्या आधीच्या प्रयोगांतच होल्मचं डोकं कोरं झालं. तो रंगमंच सोडून आत गेला आणि परत बाहेर येऊ शकला नाही. भूमिका दुसऱ्या नटानं केली. वय चव्वेचाळीस.

बाहेरून एवढंच दिसतं. आतून काय होतं ते मला विचारा. संवाद डोक्याला पाठ नसतात, तोंडाला पाठ असतात. समोरच्याचा शेवटचा शब्द पडला की आपला पहिला शब्द आपोआप उचलला जातो, पाय तिसऱ्या पावलाला वळतो, हात पेल्याकडे जातो, आणि पेला हातात आला की पुढचं वाक्य येतं. या सगळ्यात डोक्यानं मध्ये यायचं नसतं. एके दिवशी ते येतं आणि विचारतं, "पुढचं वाक्य कोणतं?" विचारलं की संपलं.

माझ्या बाबतीत दुसऱ्या अंकात झालं, चांगल्या रंगलेल्या प्रयोगात, दौऱ्यावर. सहकलाकारानं वाक्य टाकलं. मला ते नीट ऐकू आलं. विंगेतून प्रॉम्प्टरनं माझं वाक्य दिलं, तेही ऐकू आलं, अगदी स्पष्ट. पण ते मी बोलायचं आहे हे शरीराला पटेना. जीभ टाळूला चिकटली. पुढच्या रांगेतल्या बाईच्या हातातली पर्स दिसली, तिची चेन उघडी होती, आणि आता ती कधी लावेल एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. सहकलाकारानं माझी दोन वाक्यं स्वतःच्या बोलण्यात घेतली, प्रवेश पुढे नेला, आणि प्रेक्षकांना काहीही कळलं नाही. कुणालाही. रंगपटात सगळे म्हणाले, "होतं गं असं." प्रयोग निभावला हे खरं आहे. पण पुढच्या गावी तिसऱ्या घंटेला माझे हात इतके थरथरत होते की साडीच्या निऱ्या दुसरीनं खोचल्या. मी तो प्रयोग केला, त्यानंतरचेही काही केले, आणि एकाही प्रयोगात मी ती बाई नव्हते जिची भूमिका करत होते. मी फक्त पुढच्या वाक्याची पहारेकरी होते. ते मला सहन होईना. भीती मी सोसली असती. ते खोटं काम नाही सोसलं.

इथे तुम्ही थोर ब्रिटिश नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं उदाहरण देता. त्यांनाही 1964 च्या सुमारास या भीतीनं गाठलं होतं, 'ऑथेल्लो'च्या प्रयोगांत इयागो करणाऱ्या फ्रँक फिनले यांना ते विनवत असत की मला दिसशील असाच उभा राहा. त्यांनी अनेक वर्षं तसंच रेटलं. खरं आहे. रेटणाऱ्याचं धैर्य मोठंच. पण आत निघून जाणाऱ्यानं काही कमी मोजलं, असं मी मानत नाही.

आता ती मधली वर्षं. एखादा लहानसा अपवाद सोडला तर 1976 ते 1993 होल्म रंगमंचापासून लांब होता. या काळात त्यानं काय केलं? 1979 मध्ये 'एलियन' हा चित्रपट आला. त्यातला ॲश, अंतराळयानावरचा शास्त्रज्ञ. बाकीचे ओरडतात, धावतात, घामानं निथळतात आणि हा नुसता पाहत असतो. त्याचं ते पाहणं किंचित जास्त वेळ चालतं, एवढ्यावर होल्मनं ते पात्र उभं केलं. ॲश माणूस नाही, यंत्रमानव आहे, हे उघड झाल्यावर परत पहिल्यापासून बघा, प्रत्येक नजरेचा हिशेब लागतो.

1981 मध्ये बीबीसी रेडिओवर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा फ्रोडो त्यानं नुसत्या आवाजावर पेलला. वीस वर्षांनी चित्रपटात म्हातारा बिल्बो करणारा तोच. मी डबिंग करते, म्हणून मला त्या रेडिओचं मोल जास्त वाटतं. त्याच 1981 मधला चित्रपट 'चॅरियट्स ऑफ फायर'. त्यातला सॅम मुसाबिनी, धावपटूचा धंदेवाईक प्रशिक्षक, म्हणून 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या मैदानात त्याला जागा नाही. शर्यत चालू असताना तो एका खोलीत एकटा बसलाय. खिडकीतून ब्रिटिश झेंडा वर चढताना दिसतो तेव्हा त्याला निकाल कळतो आणि तो हातातल्या टोपीत मूठ घालून तिचा तळ फाडतो. हजारो माणसं पलीकडे, हा भिंतीच्या अलीकडे. या कामासाठी त्याला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला, कानचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, ऑस्करचं नामांकन मिळालं. 1985 च्या 'ब्राझील' चित्रपटात तो सहीला घाबरणारा साहेब झाला. याला तुम्ही अज्ञातवास म्हणता?

चरित्र अभिनेता या शब्दाला आपल्याकडे "नायक होऊ न शकलेला" असा वास येतो. मालिकेत मी आत्या असते, सासू असते, चाळीतली शेजारीण असते, आणि तुम्ही मला भेटून हळहळता. त्या शेजारणीवर मी काम केलेलं असतं. ती दार कोणत्या हातानं उघडते हे मी ठरवलेलं असतं. आणि हो, तिथे अडखळलं तर दिग्दर्शक "कट" म्हणतो, त्या "कट"चा मला आधार आहे. लपवत नाही. पैसेही बरे मिळतात.

तो परतला कसा, हेही कुणी पूर्ण सांगत नाही. 1993, लंडनचं आल्मेडा थिएटर, पिंटर यांचंच नवं नाटक 'मूनलाइट', भूमिका अँडीची. अँडी मरणाच्या दारात असलेला माणूस आहे, अंथरुणाला खिळलेला. म्हणजे तुमच्या भाषेत परत "उभा राहिला" तो नट पलंगावर होता. ज्याचे शब्द एकेकाळी सर्वांत चांगले बोलला, त्याच लेखकाच्या शब्दांनी त्याला परत घेतलं. मग 1997 मध्ये नॅशनल थिएटरच्या लहानशा कॉट्स्लो रंगमंचावर, रिचर्ड आयर यांच्या दिग्दर्शनाखाली लिअर. वादळाच्या प्रवेशात अंगावरचे सगळे कपडे उतरवून उघडा उभा राहिलेला म्हातारा राजा. त्याला ऑलिव्हिए हा ब्रिटिश नाट्यपुरस्कार मिळाला, 1998 मध्ये 'सर' किताब मिळाला. 2020 च्या जूनमध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो गेला.

नाटक नुकतं सुटलं होतं तेव्हाची मी या लिअरवर जगत होते. सतरा हा आकडा मी मुदतीसारखा धरून ठेवला होता. ती तेव्हाची मी म्हणायची, परतले तरच या सगळ्याला अर्थ. आज मी तिच्याशी भांडते. तिला विचारते, पिंटरनी ते नाटक लिहिलं नसतं, तर ॲश खोटा ठरला असता? मुसाबिनीची फाटलेली टोपी कमी झाली असती? ती गप्प बसत नाही. ती म्हणते, लिअर नसता तर तू या माणसाचं नाव तरी घेतलं असतंस का? पडद्यावर उत्तम छोटी कामं करून गेलेले ब्रिटिश नट ढिगानं आहेत.

तिच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी म्हणते, ॲशसाठी घेतलं असतं. म्हणताना आवाज हवा तेवढा ठाम निघत नाही.

बीबीसीनं त्या लिअरचं चित्रीकरण केलं होतं. मी ते पाहिलं आहे. मुसाबिनी मी कितीही वेळा बघू शकते, शिकण्यासाठी, आनंदासाठी. लिअर बघताना मला आनंद होत नाही. मत्सर होतो. मधल्या वर्षांची बाजू मी एवढ्या पोटतिडकीनं मांडते आणि तरीही मत्सर होतो. तेव्हा परत कधी, या तुमच्या प्रश्नाला "कधीच नाही" हे उत्तर मला देता येत नाही आणि तारीखही देता येत नाही. फक्त त्याचं नाव घेऊन मला धीर देऊ नका. द्यायचाच असेल तर परवाच्या भागातल्या आत्याबद्दल काय वाटलं ते सांगा. ती फसली असेल तर तसंही सांगा.