सेंटरिंग काढायचा दिवस

चर्चचं काम आलं तेव्हा मला वाटलं नेहमीचाच प्रकार असणार, आरसीसीची फ्रेम उभी करायची, वरून जिप्समच्या टोकदार कमानी चिकटवायच्या, झालं गॉथिक. पण क्लायंटची अट होती की कमानी खऱ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, आत एक सळई नको. माझं पोट तेव्हापासूनच दुखायला लागलं होतं, कारण कॉलेजात कमानीचं डिझाईन आम्ही एका तासात उरकलं होतं.

तर पहिल्या कमानीचं सेंटरिंग, म्हणजे बांधताना खालून दिलेला लाकडी आधार, काढायचा दिवस. माथ्यावरचा कळीचा दगड बसला होता, चुना अजून पुरता घट्ट झाला नव्हता. मी म्हटलं अजून थांबू, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, महिने लागतात. पाथरवट मिस्त्री म्हणाले, "साहेब, चुना मऊ आहे तोवरच थोडं सैल करायचं. दगड आपापली जागा घेतो. कडक झाल्यावर कमान बसली तर तडा जातो." सिमेंटवाल्या माणसाला हे उलटंच वाटणार.

लाकडी पाचरी दोन्ही बाजूंनी एकेक हलका टोला देत सैल करायच्या, एकीकडे जास्त झालं की कमान वाकडी बसते. तिसऱ्या टोल्याला वरून टक्क असा आवाज आला आणि मी चक्क दोन पावलं मागे. मिस्त्री हसले, म्हणे लाकूड सुटलं. ओळंबा आणि दोरीने मोजलं तर शेंडा फक्त 3 मिमी खाली आला होता. टोकदार कमान उभट, त्यामुळे वजन जास्त करून खाली जातं, अर्धगोलापेक्षा बाजूला कमी ढकलते, हे पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

आमच्याच फील्डमधले बरेच जण याला जुन्याची नक्कल म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. गॉथिक बांधणाऱ्या प्यूजिन या इंग्लिश वास्तुकारानेच 1841 मध्ये लिहून ठेवलंय की सजावट म्हणजे बांधणीलाच चढवलेला साज, मग खरी नक्कल ती आमची जिप्समवाली. आणि 2019 च्या आगीनंतर पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं छप्पर परत ओकच्या लाकडाचंच केलं, तुळया कुऱ्हाडीने तासून, 2024 च्या डिसेंबरात चर्च उघडलंसुद्धा. म्हणजे हात अजून शिल्लक आहेत, काम देणारे कमी.

दुसऱ्या कमानीच्या वेळी मी खालीच उभा राहिलो. हेल्मेट मात्र दोनदा आवळून.