नजर ठरावी असा एकच वृक्ष: झुकत्या फांद्यांचा सीडर

बागेत नजर ठरावी असे एकच झाड लावायचे असेल, तर माझा कौल झुकत्या फांद्यांच्या, निळसर झाक असलेल्या अ‍ॅटलास सीडरला आहे. ही सदाहरित सूचिपर्णी प्रजाती मूळची मोरोक्को आणि अल्जीरियातील डोंगरांमधली असल्यामुळे तिला भरपूर ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन लागते; मुळाशी पाणी साचलेले तिला अजिबात सोसत नाही.

बाजारात मिळणारे रोप कलमी असते आणि ते आपणहून फारसे उंच होत नाही. कोवळा शेंडा खांबाला मऊ पट्टीने सैलसर बांधत वर नेला, की जिथे आपण बांधणे थांबवू तिथून तो खाली वळू लागतो; आधारच दिला नाही, तर झाड जमिनीलगत पसरते. पट्टी अधूनमधून सैल करावी, नाहीतर ती सालीत रुतते. कलमाच्या सांध्याखालून फुटणारे सरळसोट धुमारे दिसताक्षणी काढावेत, कारण ते खुंटझाडाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलेले असते त्या झाडाचे, असतात.

जवळून पाहिले, तर जुन्या फांद्यांवर आखूड डहाळ्यांच्या टोकाशी सुयांचे गोल झुबके दिसतात, तर नव्या वाढीवर सुया एकेकट्या असतात. छाटणी करताना सुया नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत जाऊ नये. तिथून बहुधा पुन्हा पालवी फुटत नाही.

अशा झाडाभोवती रंगीबेरंगी फुलांची गर्दी मला खटकते. फांद्या पुढे कित्येक मीटर पसरतात, म्हणून ते वाटेपासून दूर लावावे आणि खाली केवळ बारीक खडी पसरावी.