एक टोचा आणि 284 सामने

शनिवार, रात्र. जिलाँग, ऑस्ट्रेलिया.

दुपारभर पाऊस. कांदाभजी केली होती, त्यातली थोडी शेजारच्या आजोबांना द्यायला गेले, तर ते टीव्हीवर ऑस्ट्रेलियन फुटबॉलची 2009 ची ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, लावून बसलेले. कितव्यांदा, ते त्यांनाच ठाऊक. "बस, हाही पावसातलाच सामना आहे," म्हणाले. बसले.

या गावात सहा वर्षं काढली, तरी अठरा-अठरा जणांचा हा खेळ मला अजून पुरता कळत नाही. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथाडला की 6 गुण, बाजूच्या बुटक्या खांबांतून गेला तर 1, एवढं समजतं. पण आजोबांना गोल करणाऱ्यांचं कौतुक कमीच. त्यांचा जीव जिलाँग क्लबच्या मॅथ्यू स्कार्लेटवर. फुलबॅक, म्हणजे आपल्या गोलसमोर उभं राहून समोरच्या संघाच्या सगळ्यात दांडग्या गड्याला चेंडूला हात लावू न देणारा. उंच आलेला चेंडू झेलायला तो गडी उडी मारणार, आणि याने मागून मूठ घालून चेंडू उडवायचा. मला आमच्या सांगलीकडचे कबड्डीतले कोपरारक्षक आठवले. पकड झाली तर टाळ्या, सुटली तर शिव्या.

स्कार्लेट खेळला 1998 ते 2012, 284 सामने, सगळे जिलाँगकडूनच. सहा वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात. क्लबसोबत 2007, 2009 आणि 2011 अशी तीन विजेतेपदं. त्यातलं 2007 चं म्हणजे जिलाँगचं 1963 नंतरचं पहिलं. मध्ये 44 वर्षं गेली. आजोबा पहिल्या वेळी शाळेत होते आणि दुसऱ्या वेळी निवृत्त झाले होते. हे त्यांनी हसत सांगितलं, पण डोळे टीव्हीवरच ठेवून.

तर तो क्षण. मेलबर्नचं मैदान, थंडी, ओला निसरडा चेंडू. समोर सेंट किल्डा, त्या वर्षी पहिले सलग 19 सामने जिंकलेला संघ. शेवटची काही मिनिटं, गुण बरोबरीत. मैदानाच्या मधोमध चेंडू जमिनीवर आला आणि गोल राखणारा हा माणूस तिथे! वाकून उचलायला सवड नाही. त्याने धावता धावता बुटाचं टोक लावून चेंडू फक्त पुढे टोचला. तो गेला थेट त्याच्याच संघातल्या गॅरी एब्लेटकडे, एब्लेटने पुढे लांब मारला, आणि पॉल चॅपमनने गोल केला. सामना संपल्याचा भोंगा झाल्यावर जिलाँगच्याच मॅक्स रूकने आणखी एक घातला. जिलाँग जिंकलं, 80-68.

आजोबांनी तेवढाच तुकडा चार वेळा मागे घेतला. मला एकच दिसत राहिलं: टोचणारा आणि घेणारा, दोघांचेही बाप याच क्लबकडून खेळलेले. बापाने क्लबसाठी पुरेसे सामने खेळले असतील, तर मुलाला घ्यायचा पहिला हक्क क्लबला मिळतो, असा इथे नियमच आहे. एब्लेटचे वडील तर चार ग्रँड फायनल खेळून चारही हरलेले. घराणेशाही म्हणून मी एरवी नाक मुरडलं असतं. आज नाही मुरडलं.

एक मात्र खटकलं. चौदा-पंधरा वर्षं मूठ घालून चेंडू उडवले, ते कोणी मागे घेऊन बघत नाही. तसं म्हटलं तर आजोबा भजी खात म्हणाले, "ते मी मैदानावर बसून बघितलंय. सगळं."

संध्याकाळी उघडीप झाली तेव्हा मागच्या अंगणात लेकाचा तो लंबगोल चेंडू पडला होता. इकडेतिकडे कोणी नाही बघून मीही चालता चालता चपलेच्या टोकाने टोचून पाहिला. चेंडू भलतीकडेच उसळला आणि कढीपत्त्याच्या कुंडीत गेला. दोन फांद्या मोडल्या. उद्याच्या आमटीत घालेन.