गायतोंडेंच्या चित्रातला 'उडालेला' रंग

मी चित्रांच्या कन्झर्वेशनमध्ये काम करते. म्हणजे जुनी चित्रं तपासायची, साफ करायची, जिथे रंगाचा पापुद्रा सुटायला लागलाय तिथे तो धरून ठेवायचा. पावसाळा संपल्यावर एका घरून बोलावणं आलं, अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं सत्तरच्या दशकातलं चित्र होतं, उभं, शेंदरी रंगाचं, सही समोर कुठेच नाही, कॅनव्हासच्या मागे देवनागरीत. घरच्या काकांचं म्हणणं, चार ठिकाणी रंग उडालाय, प्रदर्शनाला जायच्या आधी तेवढा भरून द्या. माझ्याबरोबर काम शिकणारी एक मुलगी असते, तिनेही फोटोच्या प्रिंटवर चार गोल काढले आणि बाजूला 'पेंट लॉस' लिहिलं.

समोरून बघितलं तर कोणालाही तेच वाटलं असतं.

मग पडदे ओढले, दिवे बंद केले आणि टॉर्च चित्राच्या डाव्या कडेला अगदी आडवा धरला. असा उजेड टाकला की पृष्ठभागाचे उंचसखल भाग सावल्यांसकट दिसतात. आणि काय दिसलं सांगू, समोरून जे आकार वर तरंगल्यासारखे वाटत होते ते प्रत्यक्षात खोलगट होते! आजूबाजूचा रंग जाड आणि आकाराच्या जागी पातळ, कडा फाटलेल्या कागदासारख्या वेड्यावाकड्या. ते खरोखर कागदाचंच काम. गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर द्यायचे, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबायचे आणि उचलायचे, कागदाबरोबर रंगही निघून यायचा. आकार 'काढलेला' नाहीच, रंग काढून घेतल्यावर जे राहिलं तो आकार.

मुलगी म्हणाली, "ताई, पण असं का करायचं? ब्रशने का नाही?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर त्यांच्या सगळ्या वाटचालीत आहे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून त्यांनी 1948 ला डिप्लोमा घेतला, तेव्हा भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला होता, बसोली या पहाडी शैलीच्या चित्रांतली ती सपाट झगझगीत लाल-पिवळी रंगक्षेत्रं त्यांच्या डोक्यात बसली. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलंय की त्या चित्रांतल्या आकृत्या बाजूला सारून मी नुसती रंगांची प्रमाणं बघायला लागलो. मग पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराचा प्रभाव आला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, पक्षी आहेत आणि क्लेसारखी खेळकर रेघ आहे, ओळखू येण्याइतकी. पण त्याच दशकाच्या शेवटी ती रेघही गेली, माणसं तर आधीच गेली होती. झेनचं वाचन चालू होतं, 1964 ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. लोक लगेच 'रोथको' म्हणतात, म्हणजे त्या अमेरिकन अमूर्त चित्रकाराचा प्रभाव, मला ते अर्धवट वाटतं, रोथकोचा रंग कॅनव्हासमध्ये मुरतो आणि इथे रंग चढवून परत उचललाय. मला जे दिसतं ते एवढंच की ज्याचा ज्याचा प्रभाव पडला त्याच्याकडून ते काहीतरी वगळायला शिकले, आधी आकृती, मग रेघ आणि शेवटी हातात असलेला रंगसुद्धा.

आता मुद्दा ते चार गोल. भिंगाखाली एकेक जागा बघितली. तीन जागी खड्ड्याच्या तळाशी पारदर्शक शेंदरी थर होता आणि तोच थर खड्ड्याच्या कडेवरून सलग वर आजूबाजूच्या रंगावर गेलेला. म्हणजे आधी रंग उचलला गेला आणि नंतर चित्रकारानेच वरून पातळ हात दिला. नंतर उडालेल्या जागेवर असा सलग थर येऊच शकत नाही! चौथी जागा खालच्या कोपऱ्यात, तिथे कडा धारदार, आत पांढरा ग्राउंड, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, उघडा आणि बाजूच्या पापुद्र्याला हलकीशी उचल, ते खरं नुकसान, बहुतेक फ्रेमच्या ओलीमुळे.

काकांना टॉर्च हातात देऊन दाखवलं. ते बराच वेळ कडेला डोकं लावून बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आपण त्यांचंच काम बुजवलं असतं की!"

हो, अगदी तेच झालं असतं, आणि रंग इतका बेमालूम जुळवून दिला असता की पुढच्या माणसाला कळलंही नसतं. तसं काम झालेली चित्रं मी बघितलीयत आणि दर वेळी जीव तुटतो.

रिपोर्टमध्ये तीन गोल खोडून तिथे 'मूळ पोत, चित्रकाराच्या प्रक्रियेचा भाग, हात लावू नये' असं लिहिलं, आडव्या उजेडातले फोटो जोडले. चौथ्या जागी फक्त सुटता पापुद्रा चिकटवायचा ठरला, रंग भरायचा नाही. फ्रेम बदलायला सांगितली.