बिडाचा तवा आणि फाहिता

रविवार, रात्री

आज फाहितांसाठी स्कर्ट स्टेक, म्हणजे बीफचा एक लांब पट्टा, आणला. ह्यूस्टनमध्ये तो कुठेही मिळतो, पण भाव ऐकून जीव वरखाली होतो. एकेकाळी टेक्सासात रिओ ग्रांदे नदीकाठच्या रँचवर गुरं कापली की डोकं, आतडी, चामडं आणि पोटाकडचा हा चिवट पट्टा मेक्सिकन गुराख्यांच्या वाट्याला यायचा, मजुरीपोटी. ते तो निखाऱ्यावर भाजायचे आणि टॉर्टियात (मेक्सिकन पातळ पोळीत) गुंडाळून खायचे. तेच फाहिता. १९६९ मध्ये सनी फाल्कन नावाच्या खाटकाने ऑस्टिनजवळच्या काइल गावात फाहितांचा स्टॉल लावला, आणि १९७३ मध्ये आमच्या ह्यूस्टनच्या नॅव्हिगेशन बुलेवार्डवर निन्फा लॉरेन्झोबाईंनी हॉटेल काढलं. नवरा गेलेला, टॉर्टियाचा कारखाना डबघाईला आलेला, म्हणून बाईंनी कारखान्याच्या पुढच्या भागात दहा टेबलं मांडली. त्यांचा अव्होकाडो घातलेला हिरवा सॉस अजून गावभर नावाजलेला आहे. माझा सॉस त्याच वळणाचा.

अव्होकाडो, टोमॅटिलो (कागदी सालीतलं ते हिरवं आंबट फळ), कोथिंबीर, लसूण, एक हालापेन्यो (मेक्सिकन हिरवी मिरची), लिंबू आणि सावर क्रीम. टोमॅटिलो आधी पाण्यात मऊ होईपर्यंत उकळून गार केले, मग सगळं मिक्सरमधून काढलं. सावर क्रीम नसेल तर टांगून घट्ट केलेलं दही चालतं, मला तर तेच जास्त आवडतं.

मांसाला मात्र लिंबू, लसूण, जिरेपूड, लाल तिखट, मीठ, तेल, बस. हात सवयीने आलं-लसणाच्या वाटणाकडे आणि गोड्या मसाल्याकडे वळतो, पण त्याला आवरायचं. या मांसाला स्वतःची चव भरपूर आहे. लिंबातही रात्रभर ठेवायचं नाही, वरचा थर पिठूळ होतो. तासभर पुरे.

मग कागदाने टिपून अगदी कोरडं करायचं. ओलं मांस तव्यावर वाफेत शिजतं, भाजलं जात नाही. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला, खिडक्या उघडल्या, पंखा मोठा केला. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, उलटून तेवढीच. कडा काळपट, मध्ये गुलाबी. पाचेक मिनिटं पाटावर तसंच ठेवलं.

खरी मेख कापण्यात आहे. या पट्ट्याचे धागे रुंदीच्या दिशेने जातात, उघड्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात. आधी पट्ट्याचे चार बोटं रुंद तुकडे केले, मग प्रत्येक तुकडा फिरवून धाग्यांना आडवी सुरी चालवली. धागे आखूड झाले की दाताखाली काही अडत नाही. धाग्यांच्या दिशेनेच कापलं तर कितीही महाग मांस असो, चघळतच बसावं लागतं. हॉटेलातली ती चरचरणारी, धुराचे लोट सोडणारी लोखंडी थाळी मला म्हणूनच नुसता तमाशा वाटते. तिच्यावर मांस शिजतच राहतं आणि टेबलावर येईपर्यंत वातड होतं.

नवरा बीफ खात नाही. त्याच्यासाठी मशरूम, कांदा आणि ढोबळी मिरची दुसऱ्या तव्यावर, उलथनंही वेगळं. ते इतके खमंग झाले की अर्धे मीच उचलले.

सॉस वाटीभर उरलाय. हवा लागली की अव्होकाडो काळा पडतो, म्हणून वर प्लास्टिक अगदी चिकटवून बसवलं आणि वाटी फ्रिजमध्ये ठेवली. उद्या थालीपिठाबरोबर संपवायचा.