नववीच्या वर्गात ‘संगीत शारदा’: संगणकीय खेळातून नाटक शिकवण्याचा माझा अनुभव

जुने नाटक मुलांना कळत नाही याचे खापर आम्ही मराठीचे शिक्षक नेहमी त्याच्या भाषेवर फोडतो. माझ्या मते अडचण निराळीच आहे. मुले नाटकाचा उतारा गोष्टीसारखा वाचतात. जे घडायचे ते आधीच ठरलेले आहे असे धरून चालतात आणि त्यामुळे प्रत्येक पात्र काही तरी मिळवण्यासाठी किंवा लपवण्यासाठी बोलत असते, याकडे त्यांचे लक्षच जात नाही. नाशिकमधल्या ज्या अनुदानित मराठी शाळेत मी शिकवते, तिथे गेल्या वर्षी नववीच्या मुलांसाठी संगणकावर खेळता येईल असे एक नाटक तयार केले, ते एवढ्याच कारणासाठी.

नाशिकमध्ये नाटक म्हटले की पहिले नाव तात्यासाहेब शिरवाडकरांचे येते, आणि शिक्षकांच्या खोलीत बहुतेकांनी ‘नटसम्राट’च सुचवले. पण ते 1970 चे नाटक. त्याच्या मजकुराची मोडतोड करायची तर परवानगी घ्यावी लागली असती. गोविंद बल्लाळ देवल 1916 मध्ये वारले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे 1899 चे ‘संगीत शारदा’ निर्धास्तपणे वापरता येत होते. शिवाय त्याचे कथानक मुलांना चटकन भिडणारे आहे: पंचाहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित, विरोध करणारी आई इंदिराकाकू, लग्न मोडू पाहणारा तरुण कोदंड आणि जिला कोणी काही विचारतच नाही अशी कांचनभटाची कोवळ्या वयाची मुलगी शारदा.

मुख्याध्यापकांची परवानगी मिळायला वेळ लागला. ‘गेम’ हा शब्द ऐकताच पालकसभेत कपाळावर आठ्या उमटल्या, आणि त्या पालकांना मी दोष देत नाही. अभ्यासक्रम मागे पडणार नाही, मोबाइल वर्गात येणार नाही आणि सगळे ऑफ तासांतच होईल, या अटींवर अखेर होकार मिळाला.

मी ट्वाइन हे मोफत साधन वापरले. त्यात एकेक प्रसंग चौकटीत लिहायचा आणि कोणत्या उत्तराने कोणती चौकट उघडेल हे बाणांनी जोडायचे, एवढे जमले की काम होते. साध्या खेळासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. तयार झालेली फाइल कोणत्याही ब्राउझरमध्ये, इंटरनेटशिवाय उघडते, आणि आमच्या संगणककक्षातील इंटरनेटची एकूण तऱ्हा पाहता हा गुण मोठाच म्हणायचा. पेनड्राइव्हने फाइल सगळ्या संगणकांवर चढवली. शाळेत आधीपासून टंकित असलेला काही मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला होता आणि तो पडद्यावर निव्वळ चिन्हांचा गोंधळ होऊन उमटला, म्हणून तेवढा भाग नव्याने टंकावा लागला.

खरा विचार करावा लागला तो एका प्रश्नावर: निवड कोणाच्या हाती द्यायची? बाजारातल्या खेळांत खेळणारा हा नायक असतो आणि पडेल तो निर्णय घेतो. शारदेला तशी मोकळीक दिली तर ती पहिल्याच पडद्यावर नकार देईल आणि नाटक तिथेच संपेल. म्हणून निर्णय मी तिच्या भोवतालच्या माणसांकडे सोपवले. मुले जोडीजोडीने एकेक पात्र होऊन खेळत. भद्रेश्वर झालेल्या जोडीला वराचे वय स्वतः टंकायचे होते; जितके कमी वय सांगाल तितकी कांचनभटाकडची बोलणी सोपी होत, पण इंदिराकाकूंच्या संशयाचा आकडा त्याच बेताने वाढत जाई. मुलांनी तिशीपासून साठीपर्यंत मनाला येईल ते वय लिहिले आणि पुढच्याच पडद्यावर त्यांना ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे पद भेटले. त्यातला उपरोध मला समजावून सांगावा लागला नाही, कारण ज्या थापेची ते पद खिल्ली उडवते तशीच थाप त्यांनी नुकतीच मारली होती.

शारदेच्या वाट्याला आलेल्या जोड्यांना पडद्यावर सगळे पर्याय दिसत, ‘नाही म्हण’, ‘वडिलांशी बोल’, ‘घर सोड’. पण ते फिकट राखाडी असत आणि त्यांवर क्लिक करून काहीच होत नसे. चालू असे तो एकच, मैत्रिणीपाशी, वल्लरीपाशी, मन मोकळे करण्याचा. एका मुलीने माउस दोनतीनदा आपटला, ओढणीला पुसला, उलटा करून खालचा दिवा पाहिला आणि मला हाक मारली, “बाई, हा माउस चालत नाहीये.” शेजारचीने तिच्या हातातून माउस घेऊन वल्लरीचा पर्याय दाबला, तो चालला. मग दोघी थोडा वेळ पडद्याकडे पाहत बसल्या आणि पहिली म्हणाली, “म्हणजे हिला दुसरं काही करताच येत नाही?” असा प्रश्न माझ्या कोणत्याही व्याख्यानानंतर वर्गातून आला नव्हता.

कोदंड झालेल्या मुलांची धाव अपेक्षेप्रमाणे ‘पोलिसांत तक्रार कर’ या पर्यायाकडे होती. तो मी मुद्दाम ठेवला होता, आणि त्याच्यामागे उघडणारी चौकट कोरडी होती: ब्रिटिश मुंबई इलाख्यात 1899 साली अशा लग्नाला मनाई करणारा कायदा नाही. 1891 च्या कायद्याने मुलीचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचे किमान वय, दहावरून बारावर नेले होते, पण लग्नाचे किमान वय ठरवणारा कायदा 1929 मध्ये झाला आणि त्यातही मुलीसाठी ते चौदाच होते. यामुळे नाटकातली कलाटणी मुलांना चांगलीच बोचली. ऐन लग्नात वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते आणि तेवढ्याने लग्न थांबते. पंचाहत्तर वर्षांचा नवरा ज्या मंडपाला चालला, त्याच मंडपाला समान गोत्र चालले नाही, यावर वर्गात एवढा वाद झाला की शेजारच्या वर्गातून निरोप आला. देवलांची धार नेमकी इथे आहे, आणि केवळ सुधारणावादी नाटक म्हणून त्याची बोळवण करणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत ती सापडत नाही असे माझे मत आहे.

नाशिकच्या मुलांपुढे ‘शारदा’चा विषय निघाला की आणखी एक गोष्ट निघतेच. 21 डिसेंबर 1909 रोजी इथल्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या रात्री किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’चाच प्रयोग होता. कान्हेरे मैदान मुलांच्या पायाखालचे. त्यामुळे तो प्रसंगही खेळात घालावा असा आग्रह झाला. मी तो मानला नाही. पिस्तूल आले की शारदेकडे कोण पाहणार? ती हकिगत मी स्वतंत्र तासाला सांगितली.

पदांच्या बाबतीत खेळाचा उपयोग बेताचाच झाला. संगीतशिक्षकांनी पेटीवर पदे म्हटली, ती आम्ही ध्वनिमुद्रित केली; परंतु सगळे संगणक एकाच वेळी गाऊ लागल्यावर कक्षाचा बाजार झाला, म्हणून शेवटी पदे माझ्याच संगणकावरून सर्वांना ऐकवली. खेळ संपल्यावर प्रत्येक जोडीने आपला प्रवेश मूळ संहितेतून उभे राहून वाचायचा, हे मी आधीच सक्तीचे केले होते. भद्रेश्वराची वाक्ये मुलांनी अगदी चवीने, थांबून, समोरच्याचा अंदाज घेत वाचली. अवघड शब्दांवर ती अडखळली खरी, पण शब्दाशी थांबून राहिली नाहीत.

आता दुसऱ्या एका शाळेतील सहकारी बाईंनी ‘एकच प्याला’साठी असाच खेळ मागितला आहे. गडकऱ्यांचे निधन 1919 चे, त्यामुळे स्वामित्वहक्काचा प्रश्न नाही. मात्र निवड सुधाकराच्या हाती दिली तर कोणतेही शहाणे मूल पहिलाच पेला नाकारील आणि नाटक तिथेच आटोपेल. म्हणून तूर्त मी तळीराम आणि रामलाल यांच्या चौकटी लिहायला घेतल्या आहेत. सिंधूसाठी किती पर्याय राखाडी ठेवायचे हे अजून ठरवायचे आहे.