घरगुती ट्रॅकिंग रडार, नोंद ४: आडवी जाणारी सायकल

रविवारी सकाळी मखमलाबादला, मावसभावाच्या द्राक्षबागेलगतच्या शेतरस्त्यावर, आपल्या रडारने पहिल्यांदा सायकल या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडली नाही. भाच्याने ११ फेऱ्या मारल्या, त्यातल्या शेवटच्या ८ पूर्ण पकडल्या. मला किती आनंद झाला ते सांगत बसत नाही, पण दोन महिने कुठे अडलो होतो ते सविस्तर लिहितो.

मागच्या नोंदीपर्यंत सर्व्होवर (हव्या त्या कोनात वळणारी छोटी मोटर) एकच एचबी१०० मॉड्यूल होतं, म्हणजे हलणाऱ्या वस्तू टिपणारं तयार, छोटं रडार. डावीकडे बघ, थांब, मोज. उजवीकडे बघ, थांब, मोज. जिकडे सिग्नल जास्त तिकडे वळ. यात गोम अशी, की सायकलस्वाराचा परतावा, म्हणजे त्याच्यावर आपटून परत येणारा सिग्नल, क्षणाक्षणाला बदलतो. कधी चाकाची रिम चमकते, कधी पेडल, कधी नुसती पाठ. दोन मापांच्या मधल्या वेळात परताव्यानेच उसळी घेतली, की रडारला वाटतं लक्ष्य सरकलं. दुसऱ्या महायुद्धातलं एससीआर-५८४ हे विमानांचा माग काढणारं अमेरिकन रडारही एकाच बीमवर (रडारच्या झोतावर) चालायचं. १० सेंटीमीटर तरंगलांबीचा तो बीम अक्षापासून जरा तिरका ठेवून मिनिटाला १८०० फेरे फिरवत. विमान बरोबर मधोमध असेल तर परतावा सपाट. बाजूला असेल तर फेऱ्याच्या तालावर कमी-जास्त, आणि त्या तालावरूनच अँटेना कुठे वळवायची ते ठरायचं. सुंदर कल्पना आहे. पण लक्ष्याची स्वतःची थरथर त्या तालाशी जुळली की तिथेही चूक होणारच. त्यावरचा उपाय म्हणजे मोनोपल्स: दोन्ही बाजूंचं माप एकाच क्षणी घ्यायचं.

म्हणून आता दोन मॉड्यूल. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दोन हॉर्न (सिग्नल एका दिशेला एकवटणारे कर्णे) केले, प्रत्येकाचं तोंड साडेसहा सेंटीमीटर (पत्रा पातळ असतो, पण सोल्डरचा डाग छान धरतो). एक डावीकडे १२ अंश, दुसरा उजवीकडे १२ अंश. दोन्ही सिग्नलांची वजाबाकी भागिले बेरीज, एवढीच चूक सर्व्होला द्यायची. बेरजेने भागल्यामुळे सायकल जवळ आहे की लांब, याने फरक पडत नाही. दोन्ही बाजूंचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) जुळवायला घरी हॉलमध्ये टेबल फॅन लक्ष्य म्हणून मधोमध ठेवला आणि वजाबाकी शून्य येईपर्यंत पॉट, म्हणजे गेनची फिरती कळ, फिरवला. ट्यूबलाइट मात्र बंद करा, ती १०० हर्ट्झचं खोटं लक्ष्य दाखवते.

तरीही सायकल दर वेळी ऐन समोर आली की हरवायची. जिथे ती सगळ्यात जवळ, तिथेच सिग्नल गायब! कागदावर मांडल्यावर उलगडलं. हलत्या वस्तूवरून परतताना सिग्नलची वारंवारता बदलते (डॉप्लर परिणाम), आणि मॉड्यूल तेवढा फरकच देतं; त्याच्या १०.५२५ गिगाहर्ट्झला सेकंदाला १ मीटर वेगाचे साधारण ७० हर्ट्झ होतात. सायकल ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. सरळ अंगावर आली तर ३५० हर्ट्झ. पण डॉप्लरला फक्त आपल्या दिशेने येणारा किंवा दूर जाणारा वेग कळतो. काटकोनातून १० अंश अलीकडे ती ६१ हर्ट्झवर येते, आणि अगदी समोर शून्यावर. पानांची सळसळ दिसू नये म्हणून मी ६० हर्ट्झखालचं सगळं गाळलेलं. रस्ता १० मीटरवर, म्हणजे जवळपास ०.७ सेकंद रडार पूर्ण आंधळं, आणि नेमकं तेव्हाच रडारच्या डोक्याला (सर्व्होवरच्या हॉर्नच्या जोडीला) सेकंदाला २८ अंशांनी वळायचं असतं. माझ्या कोडमध्ये लिहिलेलं होतं, सिग्नल गेला की जागीच थांब. तोवर सायकल २० अंश पुढे.

आता अल्फा-बीटा फिल्टर आहे, म्हणजे पुढचा अंदाज बांधून तो प्रत्येक मापाने थोडा सुधारणारं गणित. सेकंदाला १० मापं, कोन किती सुधारायचा तो अल्फा ०.५, वेग किती सुधारायचा तो बीटा ०.१७. तो कोनासोबत वळण्याचा वेगही लक्षात ठेवतो, आणि सिग्नल नसेल तेव्हा त्याच वेगाने डोकं पुढे नेतो. नशिबाने ऐन समोर हा वेग जवळजवळ स्थिर असतो, ३ टक्क्यांहून जास्त बदलत नाही, त्यामुळे अंदाज बरोबर बसतो. खरड छाटणीनंतर बागेला पानं नव्हती, त्याचाही फायदा झालाच.

ओझरच्या सुखोई लढाऊ विमानांवर रडार रोखून बघ, असं दोघांनी सुचवलंय. ते करणार नाही, तुम्हीही करू नका. शिवाय अंतर दुप्पट झालं की परतावा सोळावा हिस्सा उरतो. आपल्या काही मिलिवॅटना सायकलच पुरे.

बाराव्या फेरीला भाचा म्हणाला, "मामा, आता मी मध्येच थांबतो." बरोबर समोर येऊन त्याने ब्रेक दाबला. डोकं त्याला ओलांडून शांतपणे पंपाच्या खोलीपर्यंत फिरत गेलं. अंदाजावर चालायची मुदत किती द्यायची आणि ती संपल्यावर मागे वळून शोध कसा घ्यायचा, यावर आता काम सुरू आहे. कुणी असा कोड लिहिलेला असेल तर कळवा.